गाडीच्या तापमान-काट्यावर भरवसा किती ठेवायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतली कितीतरी मराठी कुटुंबे स्वतःच्या गाडीने नाशिक-पुण्याकडे निघतात. राऊ, मानपूर, खलघाट, सेंधवा, धुळे हा ठरलेला रस्ता. जाताना मानपूरच्या पुढचा घाट आणि सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट हे दोन्ही उतार असतात, त्यामुळे गाडी काही बोलत नाही. येताना तेच दोन्ही चढ होतात. वर मे महिन्यातले चाळीस-बेचाळीस अंशांचे ऊन, एसी सुरू, पाच माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या.

मग जूनच्या सुरुवातीला शहरातल्या गॅरेजांत दोन प्रकारच्या गाड्या हमखास येतात. एकीचा काटा लाल रेघेकडे झुकलेला असतो. तिचा सेन्सर, थर्मोस्टॅट (इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप), कधी कधी वॉटर पंपसुद्धा बदलून झालेला असतो, आणि इंजिन मुळात गरम झालेलेच नसते. दुसरीचा काटा शेवटपर्यंत मधोमध उभा होता आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलेले असते. दोन्हीकडे चूक एकच झालेली असते, ती म्हणजे काट्याला थर्मामीटर समजले गेले. काटा सांगोवांगीची बातमी देतो. ती बातमी कुठून येते, वाटेत कुठे बिघडते आणि घरच्या घरी किंवा गॅरेजमध्ये ती कशी पडताळायची, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे म्हणून हे पत्र जरा लांबवून लिहीत आहोत.

इंजिनाच्या हेडजवळ, बहुधा थर्मोस्टॅट बसवलेल्या भागाशीच, अंगठ्याएवढा एक सेन्सर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, टोक बुडवून बसलेला असतो. त्याच्या टोकाला जो मणी असतो तो तापला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो. बऱ्याच गाड्यांत हा रोध २० अंश सेल्सियसला अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशाला ३०० ते ३५० ओहम आणि १०० अंशाला १८० ते २०० ओहम इतका उतरतो. इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात, तो या सेन्सरला ५ व्होल्ट देतो, परत किती व्होल्ट दिसतात ते पाहतो आणि त्यावरून तापमान काढतो. तोच आकडा पुढे डॅशबोर्डवरच्या मीटरकडे जातो आणि मीटरमधली छोटी मोटर काटा हलवते. यातून एक साधा नियम निघतो आणि तो पाठच करावा : वायर तुटली तर काटा थंड दाखवणार, वायर सोलून इंजिनाला टेकली तर काटा गरम दाखवणार. दोन्ही वेळा इंजिन आपले ठाकठीक असू शकते.

आता खरी गोम. आजच्या बहुसंख्य गाड्यांत काटा तापमानाबरोबर सरळ हलतच नाही. काटा जरा वर-खाली झाला की ग्राहक घाबरून सर्व्हिस सेंटरला जातो, म्हणून कंपन्यांनी मधला पट्टा मुद्दाम स्थिर ठेवला आहे. साधारण ७५-८० अंशांपासून १०५-११० अंशांपर्यंत काटा एकाच जागी उभा असतो. त्याच्या पलीकडे गेले की तो एकदम वर उडतो. म्हणजे ८५ अंशांचे निरोगी इंजिन आणि १०५ अंशांचे अडचणीतले इंजिन, दोघांचा काटा एकसारखाच दिसतो.

याला आपल्या गावाची उंची जोडून पाहा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातले साधे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण चांगले असेल तर आत दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किंवा १.१ किलोचा दाब धरला जातो. ०.९ च्या झाकणाने साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू ११७-११८ अंशांपर्यंत जातो आणि निम्मे कूलंट, निम्मे पाणी असे मिश्रण असेल तर आणखी सात-आठ अंश वर. पण झाकणाचे रबर कडक होऊन चिरले असेल, दाब धरत नसेल आणि रेडिएटरमध्ये नुसते नळाचे पाणी असेल, तर ते पाणी ९८ अंशांनाच उकळायला लागते. काटा मात्र १०५ पर्यंत जागचा हलणार नाही. गाडी घाटात उकळ्या फोडते आहे, बोनेटखालून वाफ येते आहे आणि काटा मधोमध, असे जे लोक सांगतात ते खोटे नसते. झाकण ही काही शे रुपयांची वस्तू आहे. दर उन्हाळ्याआधी तिचे रबर आणि मधली छोटी झडप बघा. शंका आली तर बदलून टाका, दाबाचा आकडा जुन्यावर छापलेला असतो तोच घ्या.

याहूनही फसवा प्रकार म्हणजे काटा खाली येणे. पाणी गळून कमी झाले की सेन्सरचे टोक उघडे पडते. तो मग पाण्याऐवजी हवेत किंवा विरळ वाफेत असतो, आणि हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही. इंजिनाचे हेड तिकडे दीडशे अंशांना भाजत असते आणि सेन्सर साठ-सत्तर सांगत असतो. काटा आधी थोडा वर जातो, मग झपकन खाली येतो. चालकाला वाटते, चला, गाडी थंड झाली. नेमके तेव्हाच तिला थांबवायला हवे असते. चढावर काटा वर-खाली नाचू लागला तर तो सेन्सरचा बिघाड समजू नये. आधी पाणी कमी झाले आहे असेच धरून चालावे.

यासाठी एक खूण हाताशी असते, पण इंदुरात कुणी हीटर वापरत नसल्याने ती लक्षात येत नाही. काटा गडबड करू लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात करा. जाळीतून रटरटीत गरम हवा आली तर पाणी फिरते आहे, आणि त्या हीटरने इंजिनाची थोडी उष्णताही बाहेर पडते. काटा गरमवर आणि जाळीतून थंड किंवा कोमट हवा, असे असेल तर पाणी एकतर उरलेले नाही किंवा फिरत नाही. त्या क्षणी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचे, पुढचा ढाबा गाठायचा विचारसुद्धा करायचा नाही. बंद केल्यावर झाकणाला हात लावू नये. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, जाड फडक्याने वरचा जाड पाइप दाबून पाहावा. तो मऊ झाला असेल तरच झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवून दाब जाऊ द्यावा. तापलेल्या इंजिनात बाटलीतले गार पाणी ओतू नये, ॲल्युमिनियमच्या हेडला तडा जातो.

आता तपासणीचा क्रम. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा उलट्या टोकापासून सुरुवात होते, म्हणजे आधी सेन्सर बदलतात आणि मग बघतात. सुरुवात व्हायला हवी थंड इंजिनाच्या पाण्यापासून. सकाळी गाडी चालू करण्याआधी रेडिएटरचे झाकण उघडून आत पाणी अगदी गळ्यापर्यंत आहे का ते बघावे. नुसती प्लास्टिकची टाकी बघून भागत नाही. झाकणाची परतीची झडप अडकली किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी चिरली तर टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असे सर्रास असते. ज्या गाड्यांत दाबाचे झाकण टाकीवरच असते तिथे टाकीवरच्या किमान-कमाल रेघा प्रमाण मानाव्यात.

पाणी बरोबर असेल तर स्कॅनर. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा टाचण्यांचा ओबीडी सॉकेट, म्हणजे ईसीएममधली माहिती वाचायची जागा, असतो. त्यात बसणारे ब्लूटूथचे छोटे उपकरण आणि फोनवरचे ॲप एवढ्यावर घरच्या घरी काम होते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू न करता फक्त चावी फिरवावी आणि दोन आकडे वाचावेत : कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान. दोन्ही वस्तू रात्रभर एकाच हवेत होत्या, तेव्हा त्यांत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक असू नये. हवा २७ आणि कूलंट ४५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याचा कप्लर (वायरच्या टोकाचा प्लग) खोटे बोलतो आहे. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटली आहे किंवा कप्लर निघाला आहे. हा आकडा नशिबाने येत नाही : ओबीडीच्या मोजपट्टीचे खालचे टोकच उणे ४० आहे. फॉल्ट कोडही हेच सांगतात. पी ०११८ म्हणजे सर्किट तुटल्याची लक्षणे, पी ०११७ म्हणजे टेकल्याची. पी ०१२८ आला तर मात्र सेन्सरकडे धावू नये, तो इंजिन वेळेत तापत नसल्याचा कोड आहे आणि संशय आधी थर्मोस्टॅटवर घ्यावा.

स्कॅनर आणि काटा यांचे जमत नसेल, म्हणजे स्कॅनर ९० म्हणतो आणि काटा लाल रेघेवर आहे, तर दोष मीटरमध्ये, मीटरकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये किंवा मीटरसाठी वेगळा सेन्सर असेल तर त्यात आहे. इथे इंजिनाचा एकही भाग बदलण्याचे कारण नाही. पण दोघांचे जमत असेल तर लगेच निर्धास्त होऊ नये. नव्या गाड्यांत स्कॅनर आणि काटा दोघेही त्याच एका सेन्सरचे ऐकतात. सेन्सर चुकला की दोघे मिळून चुकतात. साक्षीदार दोन दिसले तरी साक्ष एकाचीच असते.

म्हणून तिसरा, त्यांच्याशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. तो म्हणजे हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर, कोरोनाच्या काळात कपाळाला लावत होते त्या जातीचा, पण कारखान्यात वापरतात तो. कपाळाचा चालणार नाही, त्याची मोजपट्टी ४२-४३ अंशांनाच संपते. हा वापरताना दोन गोष्टींत चूक होते. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो फार कमी आकडा दाखवतो, कारण चमकदार धातू उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि आजूबाजूचे प्रतिबिंब मोजले जाते. थर्मोस्टॅटच्या धातूच्या भागावर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा इंजिन थंड असताना चिकटवावा आणि नेम त्याच्यावर धरावा. दुसरे म्हणजे अंतर. १२ ला १ असे लिहिलेले उपकरण ३० सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरचा गोल मोजते. हात लांब नेला तर शेजारचा गरम पाइप किंवा गार हवाही हिशेबात येते. इतके सांभाळले की टेपवरचा आकडा आतल्या कूलंटपेक्षा पाच ते दहा अंश कमी येतो, ते साहजिक आहे. त्याहून मोठी तफावत असेल तर सेन्सर काढून बघायचा.

फॅनही साक्ष देतो. एसी बंद ठेवून इंजिन उभ्या जागी चालू ठेवा. बहुतेक गाड्यांत ९५ अंशांच्या आसपास फॅन फिरू लागतो आणि पाच-सात अंश उतरल्यावर थांबतो. काटा थंडवर आणि फॅन सुरू-बंद होतो आहे, तर ईसीएमला खरे तापमान कळते आहे आणि काटा मागे पडला आहे. एसी चालू असेल तर फॅन असाही फिरतो, म्हणून ही परीक्षा एसी बंद करूनच घ्यायची.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे आणि त्या आपल्याकडे अजून पुष्कळ चालतात. त्यांत बहुधा दोन सेन्सर असतात. दोन टाचण्यांचा ईसीएमचा, एका वायरचा मीटरचा. काहींत रेडिएटरमध्ये फॅनचा तिसरा स्विच असतो. काटा चुकतो म्हणून दोन टाचण्यांचा सेन्सर बदलला जातो, काटा तसाच राहतो, मग मीटर बदला म्हणतात. बिघडलेला असतो तो शेजारचा एका वायरचा, जो सर्वांत स्वस्त. त्याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. चावी फिरवून वायर सेन्सरवरून काढा, काटा थंडवर पडला पाहिजे. तीच वायर इंजिनाच्या उघड्या धातूला क्षणभर टेकवा, काटा गरमकडे चढला पाहिजे. चढू लागला की लगेच काढून घ्या, शेवटच्या टोकापर्यंत जाऊ देऊ नका. दोन्ही झाले तर मीटर आणि वायर चांगली आहे, सेन्सर बदला. एकही झाले नाही तर सेन्सरला हात लावू नका. ही टेकवण्याची परीक्षा फक्त एका वायरच्या सेन्सरवर करायची. ईसीएमला जोडलेल्या कप्लरमध्ये अशी तार खुपसत बसू नये.

एका वायरच्या सेन्सरची अर्थ, म्हणजे विजेची परतीची जोडणी, त्याच्या आट्यांतूनच इंजिनाला मिळते. त्यावर प्लंबरसारखी पांढरी टेप चार वेढे गुंडाळून बसवली की अर्थ अर्धवट तुटते आणि नवा कोरा सेन्सर कमी तापमान दाखवू लागतो. गळती थांबवायला तांब्याचे वॉशर असते, ते नवे टाकावे.

ॲम्बॅसिडर-पद्मिनीच्या पिढीतल्या ज्या गाड्या लोकांनी प्रेमाने सांभाळल्या आहेत, त्यांत पेट्रोलचा काटा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकदम वर सरकले तर मीटरच्या मागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा त्याची अर्थ पाहावी. दोन्ही काट्यांना एकच डबी वीज पुरवते. इंजिन तापले म्हणून टाकीतले पेट्रोल वाढत नाही, एवढी खूण पुरे आहे.

अर्थिंगची एक परीक्षा मात्र नव्या-जुन्या सगळ्यांना लागू पडते. गाडी गरम झाल्यावर उभ्या जागी इंजिन चालू ठेवा, काट्याची जागा लक्षात ठेवा, मग हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावा. काटा त्याच क्षणी जागचा सरकला तर पाण्याचे तापमान बदललेले नाही, एवढ्या वेळात ते बदलूच शकत नाही. मल्टिमीटर २ व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या उणे टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावा. सगळे दिवे लावलेले असताना ०.१ व्होल्टपर्यंत चालेल. ०.३ च्या वर दिसले तर इंजिनाची अर्थची पट्टी सोडवा, दोन्ही टोके सँडपेपरने घासा, पुन्हा घट्ट करा. मग मल्टिमीटरची दोन टोके डॅशबोर्डच्या मीटरची अर्थ आणि बॅटरीचे उणे टर्मिनल अशी लावून तेच बघा.

कप्लर काढताना आत टॉर्च मारून बघावे. टाचण्यांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर तिथे ओल शिरली आहे. जोराच्या पाण्याने इंजिन धुण्याची जी हौस आहे तिचा हा परिणाम. कधी कूलंटच सेन्सरच्या आतून झिरपून कप्लरमध्ये येते, तेव्हा नुसता कप्लर साफ करून उपयोग नाही, सेन्सर गेला. स्कॅनरवर आकडा समोर ठेवून वायरिंग हळूहळू हलवावी. एखाद्या वळणावर ८८ चे एकदम १२० किंवा उणे ४० झाले की दोष त्या वीतभर वायरमध्ये सापडला.

सेन्सर खरोखर वाईट आहे का, हे ठरवायला स्वयंपाकघर पुरते. इंजिन थंड असताना तो काढा, थोडे कूलंट सांडेल, खाली ताटली धरा. पातेल्यात पाणी घेऊन सेन्सरचे पितळी टोक दोऱ्याने असे लटकवा की ते बुडेल, पण तळाला टेकणार नाही आणि कप्लरची बाजू कोरडी राहील. तळ पाण्यापेक्षा गरम असतो, टेकले की मोजणी चुकते. शेजारी स्वयंपाकाचा काट्यासारखा थर्मामीटर. मल्टिमीटर २० हजार ओहमवर, दोन टाचण्यांना दोन टोके. मंद आच ठेवा, पाणी ढवळत राहा आणि ३०, ५०, ७०, ९० अंशांना रोध लिहून घ्या. शेवटी मल्टिमीटर २ हजारवर आणावा म्हणजे आकडा नीट वाचता येतो. रोध सुरुवातीला भराभर आणि पुढे हळूहळू उतरत जायला हवा. मध्येच अडकला, एकदम उडी मारली किंवा ९० ला गाडीच्या तक्त्यापेक्षा दीडपट-दुप्पट निघाला तर सेन्सर टाकून द्या. काढलेल्या टोकावर पांढरा-पिवळा कडक थर असेल तर तोही गुन्हेगार. तो थर पाणी आणि सेन्सर यांच्या मध्ये रजईसारखा बसतो, काटा उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. बोअरिंगचे जड पाणी रेडिएटरमध्ये टाकले की हा थर बसतोच. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय अजून सांगितला जातो. ती हळद हीटरच्या बारीक नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकाभोवती जाऊन बसते. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितले तेच कूलंट वापरावे, हिरवे-तांबडे मिसळू नये.

वायर आणि ईसीएम तपासायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला ३३० ओहमचा रेझिस्टर पुरतो. सेन्सरचा कप्लर काढा, चावी फिरवा. एका टाचणीवर इंजिनाच्या अर्थशी मोजले असता ५ व्होल्ट यावेत आणि त्याच टाचणीपासून शेजारच्या टाचणीपर्यंतही ५ च यावेत. हे जमले की चावी बंद करून कप्लरमध्ये तो रेझिस्टर जोडा. वर सांगितलेल्या जातीचा सेन्सर असेल तर स्कॅनरवर ८० च्या आसपास आकडा आला पाहिजे आणि काटा मध्याकडे गेला पाहिजे. तसे झाले तर सेन्सर सोडून बाकी सारे शाबूत आहे. कप्लर काढल्याबरोबर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत फॅन पूर्ण जोरात फिरू लागतो, ते संरक्षणासाठी असते. बोटे फॅनपासून लांब ठेवा.

थर्मोस्टॅटबद्दल मन मोकळे करून लिहिणे भाग आहे. ‘साब, थर्मोस्टॅट निकाल दो, गाडी ठंडी चलेगी’ हा सल्ला आपल्या गावात इतका रुजला आहे की अनेक गाड्यांत तो भागच उरलेला नाही. काढला की काटा खाली राहतो आणि ग्राहक खूश होतो. आत मात्र इंजिन कायम अर्धवट तापलेले राहते. ईसीएमला ते थंड वाटते म्हणून तो जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडते, प्लग काळे होतात, ऑइलमध्ये ओलावा साचून त्याचा चिखल होतो. महामार्गावर काटा खाली पडणे आणि शहरात वर येणे ही थर्मोस्टॅट उघडा अडकल्याची किंवा काढून टाकल्याची खूण आहे. तपासायला सोपे आहे : थंड इंजिन चालू करून वरच्या जाड पाइपावर हात ठेवा. पहिली काही मिनिटे तो गारच राहायला हवा आणि मग थोड्या वेळात एकदम गरम व्हायला हवा. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बंद होत नाही. काही गाड्यांत तो खालच्या पाइपाशी असतो, तिथे खालचा पाइप बघा. नवा बसवण्याआधी तोही पातेल्यात टाकून पाहावा; त्यावर छापलेल्या ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागून पुढच्या बारा-पंधरा अंशांत पूर्ण, म्हणजे साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे.

पाणी बदलल्यावर हवा काढणे राहून गेले तर नवे-जुने सगळे भाग चांगले असूनही काटा नाचतो. गाडीचे तोंड चढाकडे करून, हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडे टाकून थंड इंजिन चालू करावे, वरचा पाइप दाबत राहावे, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत जावे. बुडबुडे थांबतच नसतील, थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटापासूनच येत असतील, तर हेड गॅसकेटमधून, म्हणजे हेडखालच्या सीलमधून, जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे. त्यासाठी निळ्या द्रावाची परीक्षा असते. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून वायू त्यातून ओढतात, द्राव पिवळा झाला की निदान पक्के. हेड उघडण्याआधी ही परीक्षा मागून घ्यावी.

कंपन्यांकडे एक साधी मागणी आहे. बऱ्याच लहान गाड्यांत आता काटाही नाही, थंडसाठी निळा दिवा आणि गरमसाठी लाल दिवा एवढेच उरले आहे. लाल दिवा लागतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. ईसीएमजवळ अंशाअंशाचा आकडा तयार असतो. पडद्यावर ॲव्हरेज, टायरचा दाब, गाण्याचे नाव हे सगळे दिसते. तिथेच कूलंटचे तापमान आकड्यात दाखवायला नवा भाग लागत नाही, फक्त सॉफ्टवेअर लागते.

गॅरेजवाल्या मित्रांना आणि ग्राहकांना मिळून एवढेच सांगायचे आहे की तापमानाच्या तक्रारीवर कोणताही भाग बदलण्याआधी जॉब कार्डावर पाच आकडे लिहिले जावेत : सकाळच्या थंड इंजिनाचे कूलंट आणि हवा, गरम इंजिनाचा स्कॅनरवरचा आकडा, त्याच वेळी काळ्या टेपवर मोजलेला आकडा, आणि फॅन किती अंशांना सुरू झाला तो. ते लिहायला अर्धा तास लागतो. ग्राहकाने ते मागावेत, आणि मिळाले नाहीत तर सेन्सरसाठी होकार देऊ नये.

आपले,
मोटार दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक
इंदूर